नऊ सालांची एक साल

लिस्बनपासून पूर्वेला सुमारे १३० किलोमीटरवर एव्होरा हे तटबंदीचे जुने शहर आहे. शहराच्या मध्यवर्ती चौकातून मुख्य चर्चकडे एक अरुंद गल्ली चढत जाते. पोर्तुगालमध्ये १९१० साली ज्या दिवशी प्रजासत्ताक आले, त्या ५ ऑक्टोबरचे नाव तिला दिलेले आहे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची घरे, आणि त्यांच्या तळमजल्यावर दुकानांची ओळ. दारांत टांगलेला माल पाहून भारतातून गेलेला प्रवासी थबकतो. खांद्याच्या पिशव्या, पाकिटे, कमरपट्टे, टोप्या, चपला, चष्म्याची घरे, एवढेच काय, छत्र्यादेखील एकाच पदार्थाच्या दिसतात. रंग मधासारखा तपकिरी, अंगावर काळसर रेघा आणि ठिपके, आणि कोणत्याही दोन पिशव्यांवरची नक्षी सारखी नाही.

प्रवासी जैन कुटुंबातील असेल, तर त्याचा हात पुढे जातो आणि मध्येच थांबतो. मंदिराच्या पायरीशी कमरपट्टा आणि पाकीट काढून ठेवण्याची सवय लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. चोपड्या लाल कापडाच्या बांधणीच्या, नाण्यांची थैली कापडाची, हे पेढीवरचे जुने वळण. येथे रंग चामड्याचा आहे, मऊपणाही तसाच आहे. ‘चामडे तर नव्हे?’ हा प्रश्न खुणेनेच विचारला जातो. दुकानातील बाई पिशवी हातात ठेवते आणि एकच शब्द उच्चारते : ‘कोर्तिसा’. पिशवी हातात घेताच तिचे वजन जाणवत नाही आणि स्पर्श किंचित ऊबदार लागतो. कोर्तिसा म्हणजे बूच.

बाटलीचे बूच सर्वांना ठाऊक असते. सूचनाफलकावर ज्यात टाचण्या टोचतात तो पृष्ठभाग, बॅडमिंटनच्या फुलाचा बुडखा, क्रिकेटच्या चेंडूचा गाभा हेही बुचाचेच. बूच हा शब्ददेखील पोर्तुगीज ‘बुचा’ या शब्दावरून गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. पगार, चावी, पाव यांच्या पंगतीत तोही बसला. मात्र एक घोटाळा येथेच दूर करावा. पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर ज्याच्या पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा पडतो, ते आपले ‘बुचाचे झाड’ वेगळे. त्याच्या भेगाळ सालीचा बुचाऐवजी उपयोग करून पाहिला गेला म्हणून त्याला ते नाव मिळाले. खरे बूच ज्या झाडाचे, ते ओक वृक्षाच्या कुळातले, भूमध्य समुद्राच्या पश्चिम काठावरचे. पोर्तुगीज त्याला ‘सोब्रेइरो’ म्हणतात.

एव्होराबाहेर पडले की आलेंतेजो प्रांताचा उंचसखल माळ सुरू होतो. गवत मे महिन्यातच पिवळे पडलेले असते आणि त्यात दूरदूर अंतरावर ही झाडे उभी असतात. याला जंगल म्हणावे की शेत, हे ठरविणे अवघड जाते. तेथील लोक त्याला ‘मोंतादो’ म्हणतात. झाडांखाली मेंढ्या चरतात, कोठे धान्य पेरलेले असते, आणि ओकच्या फळांवर, ज्यांना ‘बोलोता’ म्हणतात, काळ्या डुकरांचे कळप पोसले जातात. हे डुक्कर पुढे कोठे जाते, ते सांगण्याची आवश्यकता नाही. बुचाच्या पिशवीची गोष्ट सांगताना बहुतेक माहितीपत्रके हा भाग गाळतात. तो येथे नोंदविलेला बरा.

पोर्तुगालमध्ये या झाडांखाली सुमारे सात लाख हेक्टर जमीन आहे, आणि जगातील एकूण बुचापैकी जवळपास निम्मे बूच हा एक छोटा देश पुरवितो. उरलेले मुख्यतः स्पेन, इटली, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि फ्रान्स यांच्याकडून येते. २०११ च्या डिसेंबरमध्ये तेथील संसदेने सोब्रेइरोला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. पण त्याच्या आधीपासूनच कायद्याचे संरक्षण त्याला होते. आपल्या मालकीच्या जमिनीतील झाड असले, तरी सरकारी परवानगीवाचून त्यावर कुऱ्हाड चालविता येत नाही.

कुऱ्हाड चालते ती सालीवर, तीही मोजून मापून. बी रुजल्यापासून पहिली साल उतरेपर्यंत साधारण २५ वर्षे जातात. छातीच्या उंचीला खोडाचा घेर ७० सेंटिमीटर झाल्याखेरीज त्याला हात लावता येत नाही. ही पहिली साल खडबडीत आणि ओबडधोबड असते. बाटलीच्या बुचाला ती निरुपयोगी, म्हणून भरडली जाते. त्यानंतर किमान ९ वर्षे थांबायचे. दुसरी सालही पुरती गुळगुळीत नसते. पुन्हा ९ वर्षे. तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड त्रेचाळीस वर्षांचे झाल्यावर, पहिल्यांदा उत्तम प्रतीचा माल हाती येतो. तेथून पुढे झाड दीडशे-दोनशे वर्षांचे होईपर्यंत दर ९ वर्षांनी एक साल. मराठीत वर्षालाही साल म्हणतात आणि झाडाच्या त्वचेलाही. या झाडाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच खोडावर दिसतात, कारण साल उतरविल्यावर उघड्या पडलेल्या भागावर त्या वर्षाचा शेवटचा अंक पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात. २०२१ मध्ये उतरविलेल्या झाडावर १, २०२४ च्या झाडावर ४. मालक बदलला, मुकादम बदलला, वही हरवली, तरी हिशेब झाडावरच राहतो.

उतरणीचा हंगाम मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत असतो. उन्हाळ्यात झाडाची वाढ जोरात असते, त्यामुळे साल आतल्या थरापासून सहज सुटते. माणसे जोडीने काम करतात. कुऱ्हाडीचे पाते सालीत उभे मारायचे, ते किंचित पिळायचे, आणि दांड्याच्या पाचरीसारख्या टोकाने तक्ता उचकटून काढायचा. सारे कसब पात्याच्या खोलीत आहे. बाहेरची साल तुटली पाहिजे आणि आतल्या जिवंत थराला इजा होता कामा नये, कारण पुढची साल तोच थर निर्माण करणार असतो. तो दुखावला, तर त्या जागी कायमचा व्रण राहतो आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तेथील माल वाया जातो. या हातांना यंत्राचा पर्याय अद्याप पुरतेपणी सापडलेला नाही. शेतीच्या कामांत ही मजुरी सर्वांत चांगल्या मजुरींपैकी एक समजली जाते, आणि कसब बहुधा बापाकडून मुलाकडे येते.

साल किती उंचीपर्यंत काढावी, यालाही बंधन आहे. पहिल्या खेपेला खोडाच्या घेराच्या दुप्पट, आणि पक्व झाडाला फार तर तिप्पट उंचीपर्यंत. तारणाच्या किमतीवरून कर्जाची मर्यादा ठरविणाऱ्याला हा नियम चटकन समजेल. झाडाची ऐपत पाहूनच उचल, असा त्याचा आशय.

साल उतरलेले खोड प्रथम फिकट पिवळसर दिसते, मग तांबूस, आणि काही काळाने गडद तपकिरी. पाहणाऱ्याला क्षणभर चर्र होते. झाडाला यातना होतात का, हा प्रश्न श्रद्धावान वाचकाच्या मनात येणारच. शास्त्र जेवढे सांगते, तेवढे येथे सांगता येते. बुचाच्या पेशी तयार होतात आणि लवकरच मरतात, त्यांच्या पोकळ भिंतींत हवा भरून राहते. इंग्लंडमधील रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पोकळ्या पाहून त्यांना ‘सेल’ हे नाव दिले, त्या बुचाच्याच मृत पेशी होत्या. म्हणजे जे उतरविले जाते, ते आपल्या परिभाषेत अचित्त. परंतु त्याच्या लगत असलेला थर सजीव आहे. साल गेल्यावर तो उन्हावाऱ्यात उघडा पडतो आणि त्यातून पाणी झिरपून जाते. नुकतेच सोललेले झाड वणव्यात सापडले, तर वाचणे कठीण, कारण आगीपासून वाचविणारे कवचच काढून घेतलेले असते. तेव्हा ही निखळ निरुपद्रवी वस्तू आहे, असे कोणी म्हणू नये.

मंदिरांच्या भिंतींवर जांभळाच्या झाडाचे एक चित्र असते. सहा माणसे भुकेली आहेत. एकाला झाड मुळापासून पाडायचे आहे, दुसऱ्याला मोठी फांदी तोडायची आहे, तिसऱ्याला डहाळी, चौथ्याला घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली उचलतो. सहा लेश्यांचा तो पाठ घरोघरी मुलांना समजावला जातो. आलेंतेजोतील साल उतरविणारा या सहांपैकी कोणत्या जागी बसवावा? खाली पडलेले उचलणारा तो नाही, आणि झाड पाडणारा तर नाहीच. झाडाचे अंगच घेतो, पण पुन्हा हात लावण्यापूर्वी ९ वर्षे थांबतो. या थांबण्याला त्या चित्रात जागा नाही.

व्यापाराच्या अंगानेही हे थांबणे पाहण्यासारखे आहे. बुचाचा भाव तेथे ‘अरोबा’ या जुन्या मापावर सांगतात. एक अरोबा म्हणजे सुमारे १५ किलो. काही मालक झाडावर असतानाच माल विकतात, आपल्याकडे आमराई मोहोरावर विकतात तसा. काही उतरवून, रास लावून मग सौदा करतात. ज्याचे रान मोठे असते, तो त्याचे भाग पाडतो आणि दरवर्षी एकेक भाग उतरवितो, म्हणजे पैसा येत राहतो. लहान मालकाचे सारे रान एकाच वर्षी उतरते आणि मग पुढच्या आठ वर्षांचे पोट त्याच एका पावतीवर. नवी लागवड करणाऱ्याला तर स्वतःच्या हयातीत चांगल्या मालाची एखादी-दुसरीच उतरण दिसायची. द्राक्षाचा मळा आपण लावलेला, ऑलिव्हची बाग बापाची, आणि बुचाचे रान आजोबांचे, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. व्याजाचे कोणतेही कोष्टक लावले तरी चाळीस वर्षे पैसा अडकवून ठेवणे परवडत नाही. तरीही लोक झाडे लावत आले.

दुकानांतील पिशव्या नव्या असल्या, तरी बुचाच्या वस्तू वापरण्याची रीत जुनी आहे. आलेंतेजोचा मेंढपाळ रानात जाताना ‘तारो’ नावाचा झाकणाचा, दांडीचा बुचाचा डबा नेई. त्यात सकाळचे अन्न दुपारपर्यंत ऊन राही. झऱ्याचे पाणी पिण्यास बुचाचाच ओगराळा असे. लिस्बनजवळ सिंत्राच्या डोंगरात १५६० मध्ये स्थापन झालेला फ्रान्सिस्कन साधूंचा एक मठ आहे. लोक त्याला बुचाचा मठ म्हणून ओळखतात. खोल्या इतक्या लहान की माणसाने जेमतेम आडवे व्हावे, दारे इतकी ठेंगणी की वाकल्यावाचून आत जाता येऊ नये, आणि डोंगरातील गारठ्यापासून व ओलीपासून बचाव म्हणून दारांना व छतांना बुचाचे अस्तर. १८३४ मध्ये देशातील मठसंस्था बरखास्त झाल्यावर साधू गेले, अस्तर मात्र ठिकठिकाणी अजून दिसते. अपरिग्रहाचे व्रत परक्या देशात, परक्या धर्मात कसे पाळले गेले, हे पाहण्यास तो मठ अवश्य पाहावा.

सालीची पिशवी कशी होते, ते कारखान्यात कळते. उतरविलेले तक्ते काही महिने उघड्यावर रचून ठेवतात, मग सुमारे तासभर पाण्यात उकळतात. त्याने ते स्वच्छ होतात, फुगतात आणि सपाट होतात. नंतर प्रतवारी. इंचभराहून जाड, निर्दोष तक्त्यांतून बाटल्यांची बुचे पाडतात. पातळ साल, कडेचे तुकडे आणि बुचे पाडून उरलेली जाळी वाया जात नाही. ती भरडून, दाबून, चिकटवून तिचे ठोकळे करतात. पिशवीसाठी चांगल्या सालीचे किंवा अशा ठोकळ्यांचे कागदाहून फारसे जाड नसलेले पापुद्रे तासतात आणि ते सुती किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर चिकटवितात. मग ते वस्त्र शिवता येते, घडी घालता येते. पाणी त्यावर ठरत नाही, कारण सालीत निसर्गतःच मेणासारखे द्रव्य असते.

येथे घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. पाटी बुचाची असली, तरी पिशवीचे बंद, कडा किंवा आतील कप्पे चामड्याचे असू शकतात. अशी जोडणी काही ठिकाणी शोभेसाठी मुद्दाम केलेली असते. कडेचा काप पाहावा, आतील चिठ्ठी वाचावी आणि बंद कशाचा आहे ते स्वतंत्रपणे विचारावे. बुचाच्या चपलांबाबत एक सोय आहे. युरोपीय संघात पादत्राणावर साहित्याची खूण छापावी लागते, आणि पसरलेल्या कातड्याच्या आकाराची खूण दिसली, तर तो भाग चामड्याचा समजावा. पिशव्यांना अशी खूण सर्वत्र बंधनकारक नाही. शिवाय मागचे कापड आणि वरचा लेप पुष्कळदा खनिज तेलापासून बनलेला असतो. प्राण्याचा जीव वाचला, तरी ‘संपूर्ण नैसर्गिक’ हे विशेषण त्या पिशवीला लावणे अतिशयोक्तीचे ठरते. (तिकडच्या जेवणाविषयीही एवढे सांगावे की आलेंतेजोची प्रसिद्ध पावाची आमटी लसूण आणि अंड्यावाचून क्वचितच होते. सोबत खाकरे असावेत.)

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. बुचाच्या उद्योगाला मिळणाऱ्या पैशांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक पैसा वाइनच्या बाटल्यांच्या बुचांतून येतो. पिशव्या, पाकिटे, टोप्या यांचा वाटा त्या मानाने किरकोळ. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आहे, आणि मद्याचा व्यापार त्यात येतो. म्हणजे चामडे नको म्हणून जी पिशवी खांद्यावर घेतली, तिचे झाड ज्या पैशावर उभे आहे तो दारूच्या धंद्यातून आलेला. कृत, कारित आणि अनुमोदित या तीन कसोट्या लावू गेल्यास ‘कृत’ व ‘कारित’ यांपाशी मन निश्चिंत राहते, पण ‘अनुमोदित’ येथे मात्र घुटमळते.

याची उलटी बाजूही तेवढीच खरी. काही बुचांमुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो, या तक्रारीवरून १९९० नंतर अनेक उत्पादक प्लास्टिकच्या बुचांकडे आणि ॲल्युमिनियमच्या फिरकीच्या झाकणांकडे वळले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर फिरकीचे झाकणच रूढ झाले. दारू पिणारे कमी झाले नाहीत, फक्त झाकण बदलले, आणि त्याची झळ आलेंतेजोच्या झाडांना बसली. डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेने २००६ मध्ये इशारा दिला की बुचाची मागणी अशीच घटली, तर पश्चिम भूमध्य प्रदेशातील बुचाची तीन-चतुर्थांश राने दहा वर्षांत संकटात येतील. ज्या रानाला उत्पन्न नाही त्याची राखण कोण करणार, हा त्यामागचा साधा हिशेब होता. मोंतादोत आयबेरियन लिंक्स हा दुर्मिळ रानमांजर राहतो, गरुड घरटी करतात, मुळे माती धरून ठेवतात. साल विकली गेली नाही, तर हे सारे कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. पुढे उद्योगाने वासाच्या दोषावर पुष्कळ खर्च केला, कारखान्यांतील तपासणी कडक केली, आणि इशाऱ्यातील सर्वनाश घडला नाही. त्याच काळात जमिनीची फरशी, भिंतींचे उष्णतारोधक आवरण, आणि या पिशव्या, असे नवे मार्ग अधिक जोमाने शोधले गेले. एव्होराच्या त्या गल्लीतील दुकानांत टांगलेला माल त्या शोधाचाच एक भाग आहे. एका पिशवीने रान वाचत नाही, हे खरे. पण मालकाच्या वहीत वाइनखेरीज दुसरे एक गिऱ्हाईक नोंदले जाते.

लिस्बनच्या दक्षिणेस आग्वास द मोरा नावाच्या गावात एक सोब्रेइरो आहे. तो १७८३ मध्ये लावला गेला. त्याच्या डेरेदार माथ्यावर पाखरांचा एवढा किलबिलाट असतो की त्याचे नाव ‘शीळ घालणारा’ असे पडले. १८२० पासून त्याची साल वीसहून अधिक वेळा उतरविण्यात आली आहे. १९९१ च्या एका उतरणीत त्याने १,२०० किलो बूच दिले, म्हणजे एक लाखाहून अधिक बाटल्यांची बुचे. सामान्य झाड साऱ्या आयुष्यात एवढे देत नाही, असे जाणकार सांगतात. २०१८ मध्ये त्याला युरोपातील सर्वोत्कृष्ट वृक्षाचा मान मिळाला. ते झाड लावणाऱ्याने त्याची पहिली साल उतरलेली पाहिली की नाही, कोणास ठाऊक.

गावाबाहेरच्या रानांतून जाताना खोडांवरचे पांढरे अंक वाचत जाता येते. ज्या झाडांवर ५ लिहिला आहे, त्यांच्याकडे कुऱ्हाड घेऊन २०३४ पूर्वी कोणी येणार नाही.